जादा दिवे

४ फेब्रुवारी
ठरलं. ट्रकला जादा दिवे बसवायचे. हल्लीच्या हेडलाइटमध्ये दम उरलेला नाही. याच गाडीचा उजेड पूर्वी पार वळणापर्यंत पडायचा, आता रस्त्याची कड हुडकावी लागते. काच बदलली, बल्ब बदलले, काडीचा फरक नाही. मेहुण्याला गाडीवर घेतलं ते बायकोच्या शब्दाखातर, तिचा धाकटा भाऊ म्हणून. आता तो म्हणतो, दाजी, रात्रीचं मी चालवतो, तुम्ही जरा पडा. स्टिअरिंगची हौस, दुसरं काय. नाही म्हणून सांगितलं.

६ फेब्रुवारी
सामान आणलं. दोन दिवे, रिले, फ्यूज, स्विच, वायर. गॅरेजशेजारच्या इलेक्ट्रिशियनला सगळे करंट म्हणतात. तो म्हणाला, मालक, मी बसवून देतो. म्हटलं, गरज नाही. सगळं डोक्यात पक्कं आहे. दिव्याचा भार स्विचवर टाकायचा नाही. स्विचनं फक्त रिलेला हुकूम सोडायचा, बॅटरीची वीज दिव्यापर्यंत रिले नेतो. साहेबानं घंटी वाजवावी आणि शिपायानं कपाट हलवावं, तसं. एका दुपारचं काम.

९ फेब्रुवारी
अजून दुपार संपलेली नाही, असं बायको म्हणते. तिला टोमणे सुचतात.
आज रिलेतून धूर निघाला. माल सदोष. करंट म्हणाला, हा बारा व्होल्टचा आहे, गाडी चोवीसची, पाकिटावर कडेला लिहिलंय की. कडेला कोण बघतं?

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
दिवे लागले. करंट म्हणाला, झकास. मेहुण्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला. मला मात्र समोरची भिंत अंधुकच. अर्थिंग कच्चं असणार. चासीवरचा रंग खरवडून बोल्ट पुन्हा कसला. तरी तेच. करंटनं दिव्यापाशी मीटर लावला. पूर्ण व्होल्टेज.
त्याचा मीटर जुना आहे. स्वतःचा घ्यायचा.

१६ फेब्रुवारी
नवा मीटरही तेच दाखवतो. दोन्ही एकाच दुकानातले, काय बोलणार. केबिनच्या छपरावर आणखी दोन दिवे घ्यायचे ठरवलं. वेगळा रिले, वेगळा फ्यूज. काम नीट करायचं तर हात आखडून चालत नाही.

२० फेब्रुवारी
मागच्या दारात बादलीला अडखळून पडलो. गुडघा सोलला. बादली वाटेत ठेवणाऱ्याला काही सांगायची सोय नाही, कारण ती बायकोनं ठेवली होती. ती म्हणते, तिथंच असते रोज.
तिनं आज घरभर हलवाहलव केली. स्टूल, सूप, टोपली, चपलांचं कपाट, सगळं भिंतीला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, केर काढायला बरं. बायकांना हे असे झटके येतात. मग म्हणाली, मामंजी शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालायचे, आठवतं का? आठवतं. वडिलांना भिंतीची सवयच होती.

२६ फेब्रुवारी
कागदाचे रोल घेऊन छापखान्याकडे. छपरावरचे दिवे पहिल्यांदाच रस्त्यावर. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता, हॉर्न देत होता. कौतुक कुणाला नको असतं? पुढे पोलिसानं अडवलं. म्हणाला, अर्ध्या गावाचे डोळे गेले तुमच्या दिव्यांनी, खाली वळवा ते. म्हणजे उजेड आहे, हे सरकारी माणसानंच सांगितलं. लोकांना दिसतो, मला दिसत नाही, याचा अर्थ कोन चुकलाय. उद्या कोन बदलायचा.
मेहुणा वाटभर बोलत होता. दाजी, उजवीकडे सायकल. दाजी, पुढं खड्डा. म्हटलं, मला काय दिसत नाही का? पण थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

३ मार्च
बायकोनं डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला. मी तिच्यासमोर वर्तमानपत्र वाचून दाखवलं, छोट्या जाहिरातींसकट. सुईत दोरा ओवून दाखवला, पहिल्या झटक्यात. आणखी काय पाहिजे?
ती उठून गेली. जरा वेळानं शेजारून आवाज आला, मी कुठं आहे? म्हटलं, डावीकडे. बरोबर निघालं. ती म्हणाली, मघापासून इथंच उभी आहे, हातात चहा घेऊन. तेव्हा का नाही बोललात? म्हटलं, तू हाक मारली नाहीस.
चहा गार झाला होता. प्यालो.

१० मार्च
दोन्ही बाजूंना एकेक दिवा, रिव्हर्स घेताना उपयोगी. आता स्विचची रांग विमानासारखी दिसते. करंट बघायला आला होता. म्हणाला, मालक, दिवे पुरेत आता. माझ्या बापाचंही असंच झालं होतं, एकदा दाखवून या. म्हटलं, तुझ्या बापाचा ट्रक होता? नाही म्हणाला. मग विषयच मिटला.
त्याला पुन्हा बोलवायचं नाही.

१४ मार्च
लिहायला बसलो आहे. सुचत नाही.
छापखान्याच्या माल उतरवायच्या धक्क्याला गाडी मागे घेत होतो. बाजूचे दिवे चालू. मेहुणा खाली उतरून, येऊ द्या, येऊ द्या करत होता. मग त्याचा आवाज इंजिनात बुडाला. मी डावीकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.
तो तिथंच होता. हमाल ओरडले तेव्हा ब्रेक दाबला. गाडीचा मागचा फाळका आणि धक्क्याची भिंत यांच्यात त्याचा हात.
हमाल म्हणतात, तो दिव्याच्या ऐन झोतात उभा होता. हात हलवून थांबा, थांबा सांगत होता. ते असं का म्हणतात कळत नाही. मी पाहिलं होतं.

१५ मार्च
हाड दोन ठिकाणी मोडलंय. दवाखान्यात प्लास्टर घातलंय. बायको त्याच्या उशाशी बसली होती. माझ्याकडे बघितलंही नाही. मेहुणाच म्हणाला, ताई, त्यांची चूक नाही, मीच फार जवळ गेलो. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. आज कान दिसले मला. पांढरी उशी होती, खिडकीचा उजेड होता.

१८ मार्च
गेलो. बायकोनं नेलं असं नाही, मीच म्हटलं चला.
एका भांड्यात डोकं घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी मन लावून वाट पाहत होतो. ठिपके फारच थोडे आले. यंत्र बिघडलंय का, असं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र ठीक आहे.
काचबिंदू. कडेकडेनं नजर खात येतो, मधलं शाबूत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून राखायचं. त्यांनी विचारलं, घरात कुणाला होता? बायको म्हणाली, यांच्या वडिलांना. आम्ही वडिलांना भिंत धरतात म्हणून आळशी म्हणायचो. मी तर जास्तच.
गाडी चालवायची का, असं विचारणार होतो. बाईंनी त्याआधीच नाही अशी मान हलवली.

२ एप्रिल
थेंब वेळच्या वेळी. फरक जाणवतो. बायकोला तसं सांगितलं. ती हो म्हणाली.

११ एप्रिल
गाडी उभी आहे. दिवे काढायला करंटला बोलावलं. तो लगेच आला, मागचं काही उकरून काढलं नाही. म्हणाला, वायरिंग सुरेख केलंय तुम्ही, सगळे जोड पक्के, मोडवत नाही. मीच पक्कड मागून पहिली वायर कापली. भर दुपार होती, छान दिसत होतं.
मग आत जाऊन पडलो. बाकीचं त्यानं केलं.

२९ मे
मेहुण्याचा हात बरा झाला. मनगट पुरतं वळत नाही, पण गिअर पडतो. संध्याकाळी म्हणाला, दाजी, चक्कर मारून येऊ. मी सवयीनं उजव्या बाजूला गेलो. तो दाराशी नुसता उभा राहिला. मी वळसा घालून क्लिनरच्या सीटवर बसलो. त्यानं दार लावून दिलं.
आता फक्त गाडीचे मूळ हेडलाइट. विचारलं, पुरतात का रे? म्हणाला, भरपूर उजेड आहे, दाजी. मला काचेपलीकडे काळोख, मधे एक राखाडी चकती.
म्हटलं, सांग बरं काय काय दिसतंय ते. परीक्षा घ्यायची म्हणून. तो सांगत गेला. कुंपण आलं. एक बाई पिशवी घेऊन चाललीय. कुत्रं आडवं गेलं. दुकान बंद करतायत. बरंच काही होतं त्या रस्त्यावर.
मी प्रत्येक वेळी म्हणालो, हो, बरोबर.