चौकात आडवा झालेला ट्रक आणि आत बसलेली आई

दादा,

तुझा फोन इथे ओट्यावरच वाजतोय, म्हणून चिठ्ठी. तुला न विचारता ट्रक नेला. आईला गुडघा दाखवायला न्यायचं होतं, आणि तूच काल म्हणालास, "आता चारही चाकं ओढतात, कुठेही जा." कुठेही जाता येतं रे, फक्त डावीकडे नाही. अर्ध्या वळणातच स्टीअरिंगचा रॉड पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याला अडतो. त्यात पुढच्या चाकांनाही जोर द्यायला तू बसवलेल्या नव्या ट्रान्सफर केसचा दांडा फोर-व्हीलमध्येच अडकलाय. डांबरी रस्त्यावर वळायचं म्हटलं की ट्रक रेड्यासारखा हटून बसतो. आत्ता पोस्टासमोरच्या चौकात आडवा बसलाय.

मी नट खोलायचे पाने न्यायला घरी धावत आले. आई खाली उतरत नाही. बाबांच्या या जुन्या ट्रकला फोर-व्हील करायला कटर लावलास तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही, ठाऊक आहे. पण हवालदारानं क्रेन बोलवायचं नाव काढलं, तशी खिडकीतून ओरडली, "हात लावाल तर खबरदार! माझ्या मुलानं बनवलाय, तोच सोडवेल!"

जॅक घेऊन लगेच ये. आणि तोंडावरचं ग्रीस धुऊन ये, तिनं अख्ख्या चौकाला तू इंजिनिअर आहेस म्हणून सांगितलंय.

— छोटी