तीन मिलिमीटरचा राग

४ फेब्रुवारी

चेहरा पुरेसा रागीट नाही म्हणे! साहेब मातीच्या गाडीसमोर दोन मिनिटं उभे राहिले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ही अजून हसतेय. पुढच्या गाडीवाल्याला आरशात बघून धाक वाटला पाहिजे." चार मीटरचीसुद्धा गाडी नाही. मागे तिघं बसले तर पाळीपाळीने श्वास घ्यायचा. आणि हिचा धाक!

गाडी तीच, सहा वर्षांपूर्वीची छोटी एसयूव्ही. आतून नव्या टर्बो इंजिनांचे दोन पर्याय, बाहेरून नवं तोंड. तोंड आमच्या मातीखात्याकडे, कारण पत्र्याच्या आधी गाडी मातीत घडते. यंत्र मातीचा ओबडधोबड आकार कापून देतं, शेवटचा केसभर थर आम्ही चौघं हाताने काढतो, पोलादी पट्टीने. पुढची डावी बाजू माझी, उजवी आजोबांची. बाकी दोघं मागच्या दिव्यांवर. पुढच्या दिव्यावर जी कड असते तिला आम्ही भुवई म्हणतो. भुवई नाकाकडे खाली उतरवली की गाडी रागावते. तर आता उतरवतोय.

आजोबा माझे कोणी नाहीत. सत्तावन्न वर्षांचे आहेत, सगळं खातं त्यांना आजोबा म्हणतं. एकोणीस वर्षांपूर्वी पट्टी हातात कशी धरायची ते त्यांनी मला शिकवलं, एवढंच. एवढंच काय, सगळंच.

५ फेब्रुवारी

मीटिंग. साहेबांनी टर्बो समजावला. "चार सिलिंडरचं काम आता तीन करणार, आणि ताकद उलट वाढणार." टाळ्या. "आपल्या खात्यातही आपण हेच करतोय." टाळ्या थांबल्या.

चौघांतला एक जाणार. कोण, ते वीस तारखेच्या स्कॅननंतर. स्कॅनर माती ड्रॉइंगशी ताडून बघतो. जुळली तर हिरवी, चुकली तर लाल. "म्हणजे कोणावर अन्याय नको," साहेब म्हणाले. केवढं मोठं मन!

६ फेब्रुवारी

नवरा इंजिनखात्यात. त्याला विचारलं, हा टर्बो म्हणजे नेमकं काय? म्हणाला, "इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक पंखा फिरवतो. तो पंखा जास्तीची हवा आत कोंबतो." म्हणजे जाणाऱ्याकडूनही जाता जाता काम काढून घ्यायचं. साहेबांना का आवडला ते कळलं.

मग जेवताना भांडण. इंजिनाला हवा हवी म्हणून बंपरचं तोंड बावीस मिलिमीटर मोठं कर म्हणतो. साहेबांना ओठ घट्ट मिटलेले हवेत. मी म्हटलं, तुझ्या इंजिनाला दम लागतो म्हणून मी माझ्या गाडीला जांभई द्यायला लावू? त्याने आधी भात संपवला. पाच मिनिटांनी हसला. टर्बोचं असंच असतं म्हणे, आधी काही होत नाही, मग एकदम.

चौदा मिलिमीटरवर तडजोड. या गडबडीत चहा कपाच्या शेजारी ओतला. त्याचाच दोष, मधे मधे बोलत होता.

९ फेब्रुवारी

घराच्या फाटकाच्या खांबाला माझ्याकडून गाडी घासली. नवरा उकिडवा बसून चरा बघत होता. "तिसऱ्यांदा. आणि तिन्ही वेळा डाव्या अंगाला."

फाटकच अरुंद आहे. किती वर्षं सांगतेय.

११ फेब्रुवारी

आज नको ते सापडलं.

आजोबा जेवायला गेले होते. सहज समोर उभी राहिले आणि वाटलं, उजवी भुवई वर राहिलीय. उंचीमापक आणला. आधी माझी बाजू मोजली, मग त्यांची. त्यांची तीन मिलिमीटर वर! परत मोजली. तीनच. आमच्या धंद्यात तीन मिलिमीटर म्हणजे एक डोळा रागावलेला आणि एक पाहुण्यांना या-बसा म्हणणारा.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, महिनाभर काळा चष्मा लावून फिरत होते. म्हणजे परत सुरू झालं. निवृत्तीला सात महिने राहिलेत. "दिसत नाही म्हणून काढला" हे ऐकून जायचं का त्या माणसाने? ज्याच्या हाताखालून आम्ही सगळे गेलो?

तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. खात्यात भिंतींनाही साहेबांचे कान आहेत.

१२ फेब्रुवारी

सकाळी सातला खात्यात. वॉचमन म्हणाला, "मॅडम, घरी भांडण?" हो म्हटलं, सोपं पडतं.

आजोबांची भुवई तीन मिलिमीटर खाली घेतली. गुळगुळीत केली. कोणाला पत्ता नाही. आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली आणि तीही दुसऱ्याचं भलं करायला!

१३ फेब्रुवारी

भुवई परत वर! काल दिवसभरात त्यांनी माती चढवून होती तिथे नेऊन ठेवली. मी परत खाली घेतली.

१४ फेब्रुवारी

परत वर. परत खाली. बिचारे. तीच चूक, त्याच जागी, त्याच मापाची. चूक करण्यातही किती सफाई आहे.

१७ फेब्रुवारी

आजोबा पट्टी पुसता पुसता म्हणाले, "डोळे कसे आहेत गं तुझे?"

मी म्हटलं, मला काय धाड भरलीय?

"लाल दिसतायत."

"लवकर उठते हल्ली."

"हं," म्हणाले. "मोठा दिवा लावत जा कामाला."

मला सांगतायत! हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपलं दुखणं माणूस दुसऱ्याच्या अंगावर बघतो.

१८ फेब्रुवारी

दुपारभर इंजिनखात्यात, जांभईच्या मीटिंगला. चौदाचे सोळा झाले. नवरा परक्यासारखा "मॅडम, आमची एक विनंती आहे" म्हणत होता. घरी एवढं अदबीने कधी बोलला नाही.

परत आले तर आजोबा आणि स्कॅनरवाला एका कागदावर डोकी घालून. मला बघताच कागद खिशात. आजोबा त्याच्या हातापाया पडत असणार, वीस तारखेला सांभाळून घे म्हणून. माझ्याने बघवेना. पाणी प्यायला निघून गेले.

१९ फेब्रुवारी

सकाळी भुवई खाली घेतली. संध्याकाळी सगळे निघाले, आजोबा म्हणाले, "मी थांबतो जरा." आता काय नवीन बिघडवणार देव जाणे. उद्या सातला मी आहेच.

२० फेब्रुवारी

सातला पोचले तर आजोबा आधीच हजर. गाडीशेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. मी पट्टी काढली तर म्हणाले, "आज हात लावायचा नाही. माती बसू दे."

"पण एकदा नजर टाकते ना..."

"नको म्हटलं ना."

एकोणीस वर्षांत हा आवाज कधी ऐकला नव्हता. बसले. संपलं म्हटलं, आज यांचं भांडं फुटणार आणि ते स्वतःच मला अडवून बसलेत.

दहाला स्कॅन. मी डोळे मिटून उभी. साहेब म्हणाले, "वा!" उघडले. पडद्यावर गाडी हिरवीगार, डावी-उजवी जुळ्या बहिणींसारखी. कुठे लाल ठिपका नाही. साहेब म्हणाले, "आता कशी रागावली!"

म्हणजे शेवटी आजोबांना जमलं! रोज सकाळी मी करून ठेवायचे ते बघून बघून त्यांचा हात सुधारला असणार. शिष्याने गुरूला शिकवलं. कोणाला सांगता येत नाही याचंच दुःख. घरी येऊन नवऱ्याला गोड करून घातलं, कशाबद्दल ते सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

यादी लागली. यादी कसली, एकच ओळ. आजोबा!

तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. स्कॅन हिरवा असताना त्यांना कसं काढता? साहेब म्हणाले, "मी कुठे काढलं? त्यांनी स्वतः येऊन नाव दिलं. कधी, तर अठरा तारखेला. स्कॅनच्या आधीच."

एवढा राग आला! आठवडाभर पहाटे उठून मी जीव काढला, आणि या गृहस्थांनी परस्पर हार मानली. बोललेही नाहीत. दिवसभर मीही बोलले नाही त्यांच्याशी.

२८ फेब्रुवारी

आजोबांचा शेवटचा दिवस. साहेबांचं भाषण. "जाता जाताही त्यांनी खात्याला ताकद दिली." टर्बो अजून डोक्यातून गेला नाही.

निघताना आजोबांनी मला त्यांची पट्टी दिली, लाकडी मुठीची, आणि एक पाकीट. "घरी जाऊन उघड. आणि रागावू नकोस, राग गाडीला शोभतो."

घरी उघडलं. अठरा तारखेचा स्कॅन. त्यांनी गुपचूप करून घेतलेला. उजवी बाजू पूर्ण हिरवी. डावी भुवई लाल, तीन मिलिमीटर खाली.

डावी. माझी.

मागे त्यांच्या अक्षरात: "तू माझी बाजू तुझ्या बाजूशी ताडलीस. ड्रॉइंगशी ताडायची राहिली. सकाळी तू माझी भुवई उतरवायचीस, तू जेवायला गेलीस की मी चढवायचो. तुझ्या बाजूला हात लावायला मन धजेना, शेवटच्या संध्याकाळी लावला. मला सात महिने होते, तुला चौदा वर्षं आहेत. सोमवारी साडेदहा, डोळ्यांचा डॉक्टर. तुझं नाव लावलंय. माझा मोतीबिंदू त्यानेच काढला. आता मला सुई ओवता येते."

खांब. चहा. मोठा दिवा. सगळं एकदम आठवलं. "बिचारे" लिहिलंय मी वर, तेही वाचलं. लाज वाटली, मग रडू आलं. नवऱ्याने कागद वाचला, पाच मिनिटांनी उठला आणि माझ्या डाव्या बाजूची खुर्ची सोडून उजवीकडे येऊन बसला.

३ मार्च

डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला लावला आणि म्हणाले, समोरची पाटी वाचा.

मी विचारलं, कुठली पाटी?