मूठ घालून उघडणारा डबा

आई,

कालपासून तुला एक गोष्ट सांगायची आहे. बारामतीत मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथल्या माझ्या मुलींनी अंतराळवीरांसाठी डबा बनवलाय. यानाबाहेर काम करताना हत्यारं ठेवायला. अडचण एवढीच, की त्यांचे हातमोजे हवेनं फुगून इतके ताठ होतात की बोटं धड वाकत नाहीत, आणि डबा तर एका हातानं उघडला पाहिजे.

मध्यंतरी मुलींनी जाड हातमोजे आणले, एकावर एक घालून बघायला. त्यांच्यात डाळज गावची एक मुलगी आहे, सगळ्यात तीच पुढं. तिनं डब्याची कडी धरून बघितली आणि म्हणाली, "मॅडम, हाताला कायच कळंना. तुमीच बघा." मी मोजे चढवले. कडी दिसत होती, बोटं तिच्यापर्यंत पोचत होती, पण धरता येईना. मुली हसल्या, मीही हसले. आणि एकदम पिंपळीच्या आपल्या घरातली सकाळ समोर आली. तू ओट्यापाशी उभी आहेस, बोटांचे सांधे सुजलेत, चहाच्या डब्याचं झाकण निघत नाही. मी हात पुढं करते. तू डबा छातीशी धरतेस. "ऱ्हाऊ दे. माझं मी उघडती." बालवाडीतल्या पोरांच्या शर्टाची बटणं लावता येईनात म्हणून तू नोकरी सोडलीस. आम्हाला मात्र गुडघ्यांचं कारण सांगितलंस. खरं काय ते तुझ्या मदतनीस बाईंनी तू गेल्यावर सांगितलं.

मुलींनी कडी काढूनच टाकली. तिथं रुंद पट्टा बसवला. मूठ आत घालायची आणि नुसतं ओढायचं. मग डबा चाचणीसाठी गेला. पाण्यात अंतराळासारखं तरंगता येतं, म्हणून चाचणी पाण्यातच घेतात. काल एका पाणबुड्यानं तसलेच ताठ मोजे घालून पाण्याखाली तो एका ओढीत उघडला. आम्ही ते लॅपटॉपवर बघत होतो. मुलींनी एकच गलका केला. मी त्या मोज्याकडेच बघत राहिले. एकही बोट न वाकता झाकण वर आलं. तुलाही जमलं असतं, आई.

संध्याकाळी डाळजच्या मुलीचा फोन आला. तिनं तिच्या आईला व्हिडिओ चारदा दाखवला होता. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या आईनी बघितला का?" तू नाहीस, हे तिला ठाऊक नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून तुला सांगते. मी म्हणाले, "हो, दाखवला. तिला आवडला."