‘व्हय म्हाराजा’ हा ठराव नव्हे

प्रति,
मा. सहायक निबंधक,
सहकारी संस्था, तालुका मालवण

विषय : गाऱ्हाण्यात काढून घेतलेली वाहनतळाची जागा परत मिळणेबाबत.
संदर्भ : नारळबाग गृहनिर्माण संस्थेची जागा रिकामी करण्याची नोटीस.

महोदय,

अर्जदार श्रीमती हौसाबाई भिकाजी खोबरेकर यांचे नम्र म्हणणे असे की,

१. नारळबाग संस्था उभी आहे ती जमीन अर्जदारांची. बिल्डरशी झालेल्या नोंदणीकृत करारात एक सदनिका आणि फाटकाजवळची उघडी जागा अर्जदारांच्या वापरासाठी राखून ठेवली आहे. कागदावर तिला पार्किंग म्हणतात. अर्जदारांकडे गाडी नाही. त्या तेथे उन्हाळ्यात कोकमाची सोलां वाळवतात आणि त्यावरच त्यांचे वर्ष निघते. संस्थेत आता एकही माड उरलेला नाही, पण नाव नारळबाग आहे, याबद्दल तक्रार नाही.

२. पाडव्याला संस्थेत देवाला गाऱ्हाणे घातले. नारळ बाजारातून आणला. अध्यक्ष सुदेश यांनी हात जोडून सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची ईडापिडा टाळ रे म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” मग, “नळाक रोज पाणी येवंदे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “आमच्या सेक्रेटरी शर्मिलाच्या गुरुप्रसादाचा लगीन ह्या वर्सा जमांदे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” आणि त्याच दमात, “पार्किंगची सगळी जागा सगळ्यांची एक होवंदे रे म्हाराजा!”

३. अर्जदारही “व्हय म्हाराजा” म्हणाल्या, हे त्या नाकारत नाहीत. सासरे याच जमिनीवर गाऱ्हाणे घालीत, तेव्हा समुद्रावर गेलेल्या एकेका माणसाचे नाव घेत आणि प्रत्येक नावाला होकार द्यावा लागे. तेव्हापासून तो तोंडून आपोआप निघतो. सासऱ्यांनी मात्र देवाच्या आडून कोणाची जमीन कधी मागितली नाही.

४. दुसऱ्या दिवशी नोटीस आली : ‘सामायिक पार्किंगचा ठराव सर्वानुमते मंजूर. फाटकाजवळची जागा रिकामी करावी.’ सभेची सूचना नाही, विषयपत्रिका नाही. अध्यक्षस्थानी कोण होते, तर देव. त्यांची सही घेतलेली दिसत नाही.

५. अर्जदार विचारायला गेल्या असता अध्यक्ष म्हणाले, “काकी, तुजी गाडी खंय आसा? सोलांक नंबरप्लेट लाव, मगे पार्किंग माग!” अर्जदारांनी उत्तर दिले, “मेल्या, तुजी गाडी उभी रवता ती जमीन खंयसून इली?” त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी आपल्याकडे उतरलेल्या पर्यटकांची गाडी सोलांवरून आत घातली. आता चाके लाल झाल्याबद्दल अर्जदारांकडून लेखी खुलासा मागितला आहे.

६. तरी विनंती की, सर्वसाधारण सभा न घेता झालेला हा ठराव रद्द करून अर्जदारांची जागा कायम करावी. गाऱ्हाणे हाच ठराव, असे आपले मत पडल्यास उरलेल्या कलमांचाही अंमल व्हावा. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येते आणि गुरुप्रसादाचे अद्याप जमलेले नाही. संस्थेकडून अनुपालन अहवाल मागवावा.

७. आपण पाहणीस यावे. मात्र गाडी कृपया फाटकाबाहेर ठेवावी. आत सोलां वाळत आहेत आणि अर्जदार तेथेच खुर्ची टाकून बसल्या आहेत.

आपल्या निकालाची वाट पाहणारी,
हौसाबाई भिकाजी खोबरेकर
मालवण, दि. २८ एप्रिल २०२५

सोबत : कराराची प्रत, नोटिशीची प्रत, चिरडलेली सोलां (पुडीत).