मान्यता काढून घेतलेल्या भावाला

तैपेइ,
मध्यशरद पौर्णिमेनंतरचा शनिवार

चि. आ-शुन यास,

आशीर्वाद. (एकच. ‘अनेक’ लिहिण्याइतके आपले संबंध सध्या नाहीत.)

या मायन्यावर माझी अख्खी सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहावं तर संबंध पूर्ववत झाल्याची घोषणा होते. नुसतं ‘श्री.’ लिहावं तर तू परदेश ठरतोस. आणि काहीच न लिहिता एकदम मजकुराला हात घालावा, तर शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा कबरीतून उठून माझ्या बोटांवर पट्टी मारतील. शेवटी ‘चि.’ लिहिलं. तू सत्तरीचा झालास तरी मी तुझ्याहून मोठी आहे, आणि या वस्तुस्थितीला कोणत्याही सरकारची मान्यता लागत नाही. परराष्ट्र खात्याच्या राजशिष्टाचार विभागात मी सारी नोकरी काढली. कुणाला काय म्हणून हाक मारायची, एवढंच तिथे शिकवतात.

तुझा गुडघा कसा आहे? डावा. साखरही वाढल्याचं कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. ज्यांच्याशी संबंध नसतात त्यांची खबर जास्त बारकाईने ठेवावी लागते. माझी तब्येत उत्तम आहे. रागाने रक्त खेळतं राहतं असा माझा अनुभव आहे.

पौर्णिमेला पपनसांचं खोकं पोचलं. दरवर्षीप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. निनावी खोक्याची पोच द्यायची नसते, म्हणून देत नाही. (यंदा साल जाड निघाली. गर मात्र गोड होता.)

आता मुद्दा. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, त्यामुळे आधीच सांगते की या पत्रात मला काहीही मागायचं नाही. माझ्यावर काय काय गुदरलं ते फक्त कळवायचं आहे.

आपले संबंध का तुटले ते तुला आठवत असेलच, तरी नोंद स्वच्छ असावी. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळचं जेवण. त्याच आठवड्यात आपल्याला मान्यता देणारा एक देश आपल्याला सोडून सामुद्रधुनीपलीकडच्या मुख्य भूमीवाल्यांना जाऊन मिळाला होता, आणि मी त्याचा झेंडा घडी करून ठेवून थेट आईकडे आले होते. तू पलीकडे छत्र्यांचा कारखाना काढलेला, सुट्टीला घरी आलेला, अंगावर नवा कोट. मासा वाढला गेला, तू त्याच्यावर जेवायच्या काड्या रोखल्यास आणि म्हणालास, “ताई, तुमच्या खात्याकडे आता जेवढे देश उरलेत ना, त्याहून जास्त माझ्या कारखान्यावर वॉचमन आहेत.” सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि तेच मला जास्त लागलं. मी तुझ्यापुढची माशाची थाळी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. माझ्या मते ती अत्यंत संयमी प्रतिक्रिया होती. नववर्षाचा मासा थोडा उरवायचा असतो, म्हणजे वर्षभर बरकत राहते. त्या वर्षी सगळाच उरला. बरकत काही दिसली नाही, हे तुझी ती छत्र्यांची मशिनं पुढे व्हिएतनामला हलवावी लागली त्यावरून तुलाही कळलं असेल.

असो. तर माझ्याकडे लिटिया नावाची मुलगी राहते. ती मारेवा बेटांवरची. मारेवा म्हणजे समुद्रात तरंगणारी एक नारळाची बाग, पण आपल्याला मान्यता देणारी, त्यामुळे आमच्या खात्याच्या नकाशावर ती फ्रान्सएवढी होती. आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर लिटिया नर्सिंग शिकायला आली. परदेशी मुलांना शनिवार-रविवार घरी जेवायला बोलवा, असं परिपत्रक निघालं म्हणून मी तिला बोलावलं. एका शनिवारी जेवायला आली ती राहिलीच. मला ‘आमा’ म्हणते. मी कुणाचीच आजी नसल्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारतेय म्हणून. तिच्या बेटावर एक दवाखाना आहे. आपल्याच लोकांनी बांधून दिलेला. पाटी आहे, खाट आहे, औषधांचं कपाट आहे, नर्स नाही. ती नर्स म्हणजे लिटिया, आणि तिचं शेवटचं एक वर्ष राहिलं होतं.

गेल्या महिन्यात मारेवाने आपल्याशी संबंध तोडले. ‘प्रादेशिक आणि जागतिक बदलांचा विचार करून.’ हे वाक्य मला पाठ आहे. जाणारा प्रत्येक जण हेच म्हणून जातो. बायकोला टाकून निघालेल्या नवऱ्याने दारात उभं राहून हवामानाबद्दल बोलावं, तसलं ते वाक्य. दोन दिवसांत लिटियाला तिच्या सरकारचं फर्मान आलं: हे सत्र संपलं की पलीकडे जा, तिथे नव्या शिष्यवृत्तीवर शिक्षण घे. पहिल्या वर्षापासून. आपली शिष्यवृत्ती तर संबंधांबरोबरच संपली. घर फिरलं की वासेही फिरतात, ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्याहारीला आली आणि म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅडम.”

आ-शुन, माझ्या नोकरीत मी राष्ट्राध्यक्षांच्या बायकांकडून मॅडम म्हणवून घेतलं आहे. पण त्या दिवशी माझ्या हातातलं अंडं खाली पडलं. दारातल्या रॅककडे पाहिलं तर तिच्या घरातल्या सपाता जागेवर नव्हत्या. तिने त्या आधीच बॅगेत भरल्या होत्या. मी विचारलं, “हे मॅडम काय काढलंस?” तर खाली मान घालून म्हणाली, “आता आमा म्हणायची परवानगी आहे का, मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तेही कळेना.” मी म्हटलं, “मला विचारायचं. परवानगी आहे. सपाता रॅकवर ठेव आणि अंडं खा.” (दुसरं अंडं.)

त्यानंतर मी लढाईवर निघाले.

पहिली लढाई भाजीबाजारात झाली. तुला ठाऊक आहे, भाजी घेतली की भाजीवाली वर कांद्याची पात फुकट टाकते. लिटियाच्या पिशवीत त्या आठवड्यात पात पडली नाही. मी स्वतः गेले. भाजीवाली म्हणाली, “आजी, त्यांनी आपल्याला सोडलं ना? मग मी पात कशाला देऊ?” मी म्हटलं, “तिच्या मंत्रिमंडळाने सोडलं. मंत्रिमंडळ आलं तर त्याला देऊ नकोस. तिने तुझ्या सासूच्या पायाचं ड्रेसिंग केलं तेव्हा कोणत्या देशाची म्हणून केलं होतं?” मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “बाई, पात टाक, माझा भात शिजायचा राहिलाय.” भाजीवालीने पात टाकली, आल्याचा तुकडा टाकला, आणि डोळे पुसत मलाच म्हणाली की तुमच्या तोंडाला लागण्यापेक्षा पातीची जुडी गेलेली परवडली. निर्बंध उठले. आपल्या खात्याला कधी इतक्या लवकर जमलं नव्हतं.

दुसरी लढाई मारेवाच्या दूतावासात. राजदूताला चार शब्द सुनावायचे म्हणून मी चांगलं जाकीट घालून गेले. झेंडा उतरलेला होता, आणि राजदूत स्वतः, घामाघूम, अंगात गंजीफ्रॉक, खोक्यांच्या मधोमध बसलेला. हा माणूस पहिल्यांदा राष्ट्रीय मेजवानीला आला तेव्हा त्याला कोणत्या खुर्चीवर बसायचं ते मी दाखवलं होतं. मी सुरुवात केली, “महोदय, ही वागण्याची पद्धत झाली का?” तो म्हणाला, “नाही झाली. मॅडम, हा राइस कुकर खोक्यात मावत नाहीये.” आता कुकर आडवा घातला तर मावणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बाजूला बसले, तो उभा घातला, भोवती टॉवेल कोंबले. मग त्याच्या बायकोच्या चिनी मातीच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या. (मान्यता काढल्याची बातमी ज्या पानावर होती ते पान मी मुद्दाम सुपाच्या वाडग्याला वापरलं.) चार शब्द सुनावायचे राहूनच गेले. निघताना तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “आता मला फोन करू नका, मला घेता यायचा नाही. मी करत जाईन. नंबर दिसणार नाही, पण मीच असेन.”

घरी येताना बसमध्ये मला सारखी पपनसं आठवत होती. का, ते मला विचारू नकोस.

तिसरी लढाई माझ्याच जुन्या खात्यात. टेबलामागे एक कोवळा अधिकारी, केसांना चोपडलेलं काहीतरी. त्याने मला खात्याचं निवेदन वाचून दाखवलं: “तीव्र खेद आणि कठोर निषेध.” मी म्हटलं, “बाळ, हे मीच लिहिलंय. तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते. निषेध नको, मुलीचं वर्ष वाचव.” तो म्हणाला, “आजी, संबंधच राहिले नाहीत, आता काय करणार?”

मग मी त्याला आमचं जुनं धोरण शिकवलं. एकेक करून मोठमोठे देश आपल्याला सोडून गेले तेव्हा आम्ही काय केलं? रडलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात नवी पाटी लावली. दूतावास म्हणायचं नाही ना, मग ‘आर्थिक व सांस्कृतिक कार्यालय’ म्हणू. नाव बदला, झेंडा उतरवा, खुर्ची कोपऱ्यात घ्या, पण खोली सोडू नका. बाहेरच्यांना वाटतं की परराष्ट्र धोरण म्हणजे कुणाशी बोलायचं नाही ते ठरवणं. तसं नसतं. ज्यांच्याशी बोलायचं नाही असं जाहीर झालंय, त्यांच्याशी कोणत्या नावाने बोलत राहायचं ते ठरवणं, याचाच पगार मी घेत होते.

पोरगा हुशार निघाला. थोडा वेळ पेन चावून म्हणाला, “मारेवाची विद्यार्थिनी म्हणून तिला ठेवता येणार नाही. पण इथल्या एखाद्या घरचं माणूस म्हणून, एखाद्या संस्थेची उमेदवार म्हणून ठेवता येईल.” मी जिना उतरायच्या आत आमच्या शाळेच्या नन्सना फोन लावला. त्यांचं वृद्धांचं रुग्णालय आहे; तिथे लिटियाला शेवटच्या वर्षाचं प्रशिक्षण करता येईल, फी नाही, कॉलेजनेही मान डोलावली. तिच्या सरकारला तिने कळवलं की आपण ‘प्रादेशिक आणि जागतिक बदलांचा विचार करून’ मुक्काम लांबवत आहोत. (मसुदा माझा.) वर्षाने परीक्षा देईल आणि आपल्या बेटावर जाऊन त्या खाटेशेजारी उभी राहील. आजारी माणूस तिला झेंडा विचारणार नाही.

तेव्हा प्रश्न सुटला. एक किरकोळ गोष्ट राहिली आहे, पण ती इतकी किरकोळ की पत्राच्या मजकुरात घालण्यासारखी नाही.

घरात तुझ्याहून मोठं कुणी उरलं नाही, म्हणून नमस्कार कुणाला सांगत नाही. धाकट्यांना आशीर्वाद. आ-लानला थोडे जास्त. तुझ्याशी संसार केल्याबद्दल.

तुझी, वस्तुस्थितीने थोरली बहीण,
सू-छिन

ता. क. नन्सचं ते रुग्णालय ताइनानला आहे. तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलीने स्थानिक कुटुंबात राहावं आणि त्या घराच्या कर्त्याने जबाबदारीची सही करावी अशी अट आहे. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे, जिथे तू छत्र्यांचे जुने नमुने ठेवतोस. तिथे मी माझं आर्थिक व सांस्कृतिक कार्यालय उघडत आहे. लिटिया त्याची प्रमुख. याला संबंध पूर्ववत होणं म्हणत नाहीत. मी माफी मागितलेली नाही आणि तूही मागू नकोस. त्याने बोलणी लांबतात.

ता. क. २. खोलीतल्या छत्र्या आ-लानने मंगळवारीच हलवल्या आहेत. त्यांना गंज लागलाय का, असं तू खालून विचारत होतास तेव्हा ती वर पडदे शिवत होती. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर ती मला फोन करते. त्या जेवणानंतरच्या पहिल्या रविवारपासून. तिच्यावर रागावू नकोस. दोन्ही बाजूंची इतकी वर्षं जिने लाज राखली, तिला आमच्या खात्यात पदक देतात.

ता. क. ३. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. ते ज्या मुलीने तुझ्या हातात दिलं ती अजून दारातच उभी आहे. वाचून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही असं मी तिला बजावलं आहे, आणि पत्र लांबलं याचं मला वाईट वाटतं ते तिच्याचसाठी. तिला आत घे. सपाता तिच्या तिने आणल्या आहेत, रॅकवर फक्त जागा कर. तुला काय हाक मारायची हे तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, त्याचं तोच सांगेल. ‘महोदय’ म्हणून घेऊ नकोस.

ता. क. ४. तिच्या हातातल्या पिशवीत डबा आहे. डब्यात मासा आहे, त्या रात्री तुझ्यापुढून उचलला होता तो. (तोच नव्हे, मूर्खा. तसाच.) आलं भाजीवालीचं, पात फुकटची. डोक्याकडचा भाग तुझा, कायमच तुझा होता. सगळा संपवलास तरी चालेल, उरवायची गरज नाही. कार्यालयाची पाहणी करायला मला नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी यावंच लागेल, तेव्हा उरवायचा मासा मी घेऊन येईन.