पाठ करून दिलेली कल चाचणी

विश्रांतवाडी, पुणे
१४ जून १९९९

चि. संजय यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्रास कारण की, तुझी लेक नापास झाली. दहावीत नव्हे, तिथे चांगली पास आहे, पेढे वाटून झाले. जिच्यात कुणीच नापास होत नाही म्हणतात, त्या कल चाचणीत झाली. आणि ती तुझ्यामुळे.

आम्रपाली हे लिहिताना तोंड वाकडं करते आहे. करू दे. मी सांगायचं आणि तिने लिहायचं, असा आमचा करार आहे.

तू सांगितल्याप्रमाणे तिला स्वारगेटजवळच्या भाग्यश्री मॅडमकडे नेलं. मुलांना काय आवडतं, काय जमतं ते विचारून पुढे काय शिकावं हे त्या सांगतात. आमच्या वेळी हे काम मुकादम करायचा, दंड दाबून. पोरीने मान वर न करता सगळे प्रश्न सोडवले. मॅडमनी कागद पाहिला आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, आजी, ही मुलगी एकटी रमते आणि गर्दीतही रमते, यंत्रं खोलते, गणितं घालते, शिवाय उन्हात फुटबॉल खेळते. इतकं सगळं आवडणारं माणूस अजून जन्माला यायचंय. हिला कुणी पढवलं का?

तेव्हा पोरीने सांगितलं, की नांदेडच्या स्टेशनवर तुला कसलं गाइड मिळालं, कल कॉम्प्युटरकडे निघेल अशा उत्तरांवर खुणा करून तू ते पाठवलंस आणि तिने ती उत्तरं पाठ केली. अरे, आवडनिवड कुणी पाठ करून जातं का?

मॅडमनी तिला पुन्हा बसवलं. या वेळी निघालं असं, की हिला माणसांचं ऐकून घेता येतं. आर्ट्स घ्यावं, मानसशास्त्र शिकावं, पुढे मॅडमसारखंच मुलांना वाट दाखवायचं काम करावं. पोरगी बसमध्ये घरापर्यंत एकटीच हसत होती. तिला तेच हवंय, पण तुला सांगायला घाबरते.

सूनबाईला, कल्याणीला सांग, तिने पाठवलेलं लोणचं खारट झालं होतं. संपवलं.

माया पत्रावाचूनही आहेच, पण उत्तर धाड.
तुझी आई, हिरा

*

नांदेड
२१ जून १९९९

ती. आईस,
सविनय जयभीम वि. वि. पत्र मिळालं. लोणच्याचं कल्याणीने स्वतःच वाचलं, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही.

गाइड मी मदत म्हणून पाठवलं. दहावीला गाइड चालतं, मग इथे का नाही, हे मॅडमना विचार.

आई, सल्ला देणं हा काय पोटापाण्याचा उद्योग आहे? आपल्या घरात तो सगळे फुकट देतात, सगळ्यांत जास्त तू. आमच्या टेलिफोन ऑफिसातल्या पोपटरावांचा मुलगा कॉम्प्युटर शिकला आणि थेट अमेरिकेला गेला. बर्फातला त्याचा फोटो टेबलाच्या काचेखाली आहे, रोज बघावा लागतो. बाबांनी जन्मभर खडकीच्या फॅक्टरीत पेट्या उचलल्या, मी कारकून झालो. पोरीने आता पुढे जायचं की मागे? फॉर्मवर सायन्सच लिहायचं. आर्ट्सवर मी सही करणार नाही.

आम्रपाली, हे तुला. आजीच्या नादी लागू नकोस. तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तिला कॉलेजातलं काय कळणार? तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

रागावलेला असलो तरी तुमचाच,
संजय

*

विश्रांतवाडी, पुणे
२६ जून १९९९

चि. संजय यास,
आशीर्वाद, जयभीम. अक्षर वेगळं दिसेल. शेजारच्या विमलाबाई लिहीत आहेत. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून माझी वाक्यं सुधारतात. मी पुन्हा बिघडवते. आम्रपालीला विहारात पाठवलंय, कारण स्वतःची स्तुती तिला स्वतःच्या हाताने लिहायला लावणं बरं नव्हे.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. मग मी ते गुपचूप विमलाबाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. म्हातारीचा संशयी स्वभाव! दोन्ही वेळा शब्द न् शब्द तोच. अरे, मला अक्षर कळत नाही. बाबा हो म्हणाले, एवढंच तिने वाचलं असतं तर मी शिरा केला असता आणि फॉर्मवर पालक म्हणून अंगठा उठवून आले असते. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने सगळं वाचलं. ‘अपेक्षा नव्हती’पाशी थांबून पाणी प्यायली, आणि तिथूनच पुढे वाचलं. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे तर जरा जास्तच स्पष्ट वाचलं.

चार वर्षं ती माझी पत्रं लिहिते. तिच्या आईविषयीच्या माझ्या तक्रारी लिहिते, वर तिच्या आईची उत्तरं मला वाचून दाखवते. कुणाचं वाक्य गोड करत नाही, तिखट करत नाही. तरी आम्ही सासूसुना अजून बोलतो. तुला हे जमलं होतं का? तू मध्ये पडलास की आम्ही दोघी उपाशी झोपायचो. दुसऱ्याचं ऐकायचं आणि त्यात आपलं घुसडायचं नाही, हेच तर मॅडमचं काम.

आणि दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बिघडणार, असं पेपरात येतंय म्हणे. तरी तू पोरीला तिकडेच ढकल.

तुझ्या बाबांनी पेट्या उचलल्या, कारण निवडायला दुसरं काही नव्हतं. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. त्यातली एक तू बुजवलीस, तर बाबांच्यात आणि तिच्यात फरक काय राहिला?

फॉर्मची मुदत पुढच्या शनिवारी संपते. मी अंगठा द्यायला तयार आहे. ती म्हणते, बाबांना नको असेल तर नको.

लोभ आहे, धीर मात्र संपत आला आहे.
आई

*

नांदेड
३० जून १९९९

चि. आम्रपाली हिस,
अनेक आशीर्वाद, जयभीम. हे स्पीड पोस्टने पाठवतोय. सोबत संमतीपत्र आहे, सही केलेलं. आर्ट्स.

आजीचं पत्र तुझ्या आईने दोनदा वाचलं. तिने कळवायला सांगितलंय, की उपाशी फक्त ती झोपायची. आजी जेवायची.

पोटाचं काय, ही काळजी मला अजून आहे. तेव्हा सुट्टीत कॉम्प्युटरचा एक क्लास कर, माझ्या समाधानासाठी. आणि ते गाइड तेवढं परत पाठव. पोपटरावांना धाकट्यासाठी हवंय.

हे पत्र आजीला वाचून दाखव. आई, तुझं बरोबर होतं, मी चुकलो. हे वाक्य गाळलंस तरी मी रागावणार नाही.

तू गाळणार नाहीस हे माहीत असलेला,
तुझा बाबा