जहाजाला शिडं असतात

आप्पा, तुमच्या जहाजाविरुद्ध मला रीतसर तक्रार करायची आहे. आज सकाळी त्यानं माझी टोपी फाडली. ही तिसरी. पहिली फाडली तेव्हा मी समजुतीनं घेतलं, दुसरीच्या वेळी घरात आवाज चढवला, आणि आता दाद मागायची तरी कुणाकडं हे न कळल्यामुळं थेट तुमच्याकडं आलो आहे. भिंतीला खुंटी, खुंटीच्या वर फळी, फळीवर जहाज, आणि जहाजाच्या तोंडातून पुढं आलेला तो टोकदार दांडा बरोबर माझ्या टोपीच्या उंचीवर. टोपी घ्यायला गेलं की दांडा आत शिरतो. सध्या कापड रेशनवर आहे. कार्डावर मिळेल तेवढ्यात बायकापोरांची अंगं झाकायची, माझ्या डोक्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. विणकराचा मुलगा टोपीभर कापडासाठी रांगेत उभा राहतो, हे बघायला तुम्ही नाही ते बरंच आहे. बरं, बोडक्यानं बाहेर पडावं तर दहा जण विचारतात, कोण गेलं? त्याचं उत्तर लांबतं.

तुमच्या माघारी मी काय करतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. इथल्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला कुणा ना कुणा मोठ्या माणसाची चार ओळींत फजिती करतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटून खूश असतो, कारण ते शेजाऱ्यावर लिहिलंय अशी त्याची खात्री असते. या धंद्यात माणसाची जीभ चांगली पाजळून निघते, पण घरातल्या अडीच हात लाकडापुढं ती चालत नाही. म्हणून आज स्टुलावर चढून जहाज खाली काढलं आणि मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आतून पालीची अंडी निघाली. उतारू म्हणून तेवढेच.

अण्णा, म्हणजे तुमचा थोरला, गेला त्या साली सुताचे भाव असे चढले होते की शहापुरातले निम्मे माग उघडे पडले होते. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा खरे, पण समोर विणायला सुताचा ताणा नाही. सवयीनं पाय तेवढे हलायचे. रिकाम्या मागाची ती खटखट मला अजून नको वाटते. पलटणीमागं ओझी वाहायला गडी पाहिजेत म्हणून बेळगावच्या कॅम्पात भरती निघाली आणि अण्णा गेला. "सूत उतरलं की आलोच," म्हणाला, जसं काही साहेबानं लढाई सुताच्या भावासाठीच काढली होती. इथून आगगाडी, मुंबईहून जहाज, पुढं बसरा. आपल्यातल्या कुणी समुद्र बघितलेला नव्हता. वेंगुर्ल्याला कापूस घेऊन जाणारे गाडीवान सांगायचे तेवढाच आपला समुद्र. पाणी खारट असतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. "काठ न्हाय?" तुम्ही विचारलंत. "काठ न्हाय तर सुटून जाईल की सगळं."

जहाज मात्र तुम्ही बघितलं होतं. सुताच्या गठ्ठ्यावर विलायतेचा रंगीत छाप चिकटवून यायचा, त्यावर. तीन डोलकाठ्या, फुगलेली पांढरी शिडं, खाली निळ्या लाटा. मी शाळेच्या पुस्तकात धुराडं असलेलं लोखंडी जहाज बघितलं होतं, आणि शहाणपणानं तसं बोललो. तुम्ही छाप माझ्यापुढं धरलात. "ह्यावर चाळीस नंबर लिवलंय. आत चाळीसच निघतंय का न्हाय?" निघतं, म्हणालो. "जी माणसं सुताचा नंबर खोटा सांगत न्हाईत, ती जहाजाचं चित्र खोटं काढतील व्हय रं? साळंत धोटा फेकायला शिकवत्यात का?" न्हाय, म्हणालो. "मग जहाजाचं काय शिकवणार! गप बस." उभ्या आयुष्यात तुम्हाला छापानं कधी फसवलं नव्हतं. विणकराचा विश्वास बसायला एवढं पुष्कळ झालं.

पहिलं जहाज मोडक्या धोट्याचं. ताण्यातून सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आकार होडीचाच असतो, तुम्ही नुसत्या तीन काड्या रोवल्यात. मग हे फणसाच्या लाकडाचं. शिडं कापून लावायची नाहीत हा तुमचा हट्ट. कापलेलं कापड वाऱ्यानं उसवतं, म्हणून लहान चौकट बांधून प्रत्येक शीड वेगळं विणलंत, दोन्ही अंगांना लाल काठ घालून. साहेबाच्या जहाजाला शहापुरी लुगड्याचा काठ! मी हसलो नाही, कारण तेव्हा हसण्याचे पैसे मिळत नव्हते.

दिवेलागणीला आई भाकरी थापते आहे, मी चुलीजवळ आहे, आणि तुम्ही फणसाचं लाकूड काचेनं घासत बोलता आहात. "पैशाला तोटा नसता तर हे असलं कशाला केलं असतं? खानापूरच्या रानातला अख्खा साग आणला असता. कुठं सांधा म्हणून न्हाय. पितळेचे खिळे, दोऱ्या रेशमाच्या आणि शिडाला सोनेरी जर."

"जर कशाला?" आई म्हणते. "समुद्रात लगीन हाय कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी साग मागं पडतो. आता म्हैसूरचं चंदन. लांबनं वास आला पाहिजे, बंदरावरच्या माणसानं डोळे मिटून सांगितलं पाहिजे की बेळगावचं जहाज आलं. त्याच्या पुढच्या दिवशी ते बैलगाडीवर चढवून आंबोलीचा घाट उतरवून वेंगुर्ल्याच्या पाण्यात सोडायचं ठरतं, आणि बैल कुणाचे घ्यायचे यावर तुमचं नि आईचं वाजतं. घरात जोंधळे संपत आलेले, आणि भांडण भाड्याच्या बैलांवरून. जहाज रोज वाढतं. आधी हातभर, मग मागाएवढं, मग आत एक माणूस मावेल एवढं, मग चार.

"चार माणसं बसली तर ते खेळणं कसलं वो," आई म्हणते, "जहाजच झालं की."

"व्हय," तुम्ही म्हणता. काच घासायची थांबते. "मग थोरल्याला आणायला आपुणच जाऊ."

आई तव्यावरची भाकरी जळू देते.

जवळच्या काकती गावचा एक माणूस आला तो दुपारचा. अण्णाच्याच तुकडीतला, तापानं पिवळा पडून परत आलेला. चालत आलाय म्हणून आईनं निरोप विचारायच्या आधी ताट वाढलं. तो हात धुऊन बसला आणि त्याचं लक्ष मागावर ठेवलेल्या जहाजाकडं गेलं. हे काय, म्हणाला. "थोरल्याचं जहाज," तुम्ही सांगितलंत. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "जहाजाला शिडं नसत्यात, आप्पा. लोखंडाचं असतंय. धूर सोडतंय. आमी खाली पोटात हुतो, कोळशाच्या बाजूला." आणि मग हात भाकरीवर तसाच ठेवून त्यानं सांगितलं. बसरा यायच्या आधीच अण्णाला ताप भरला. पाणी मागत होता. सकाळी हलवलं तर गार. जाड कापडात गुंडाळला, पायाला लोखंड बांधलं आणि कडेवरून पाण्यात सोडला.

आईनं भिंत धरली. मी तुमच्याकडं बघत होतो. आप्पा, तुमचा चेहरा उजळला.

"शिडं नव्हती म्हणतोस?"

"न्हाय."

"एक बी न्हाय?"

"न्हाय, आप्पा. शप्पत."

"मग ते आमच्या पोराचं जहाज न्हवंच. तू भलत्याच घरात आलाईस. कुणाचं पोर गेलंय त्याला जाऊन सांग. ऊठ."

"अहो, जेवू तरी द्या त्याला," आई म्हणाली.

"ज्याच्या घरचा निरोप, त्याच्या घरी जेवंल."

तो उठला. धुतलेला हात तसाच धोतराला पुसला आणि बाहेर पडला. तुम्ही कधी भिकाऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवलं नव्हतंत. आईनं ते ताट गाईला घातलं आणि त्या दिवशी स्वतः जेवली नाही. पुढं सरकारी कागद आला तोही मी वाचून दाखवला. तुम्ही एवढंच विचारलंत, "शिडाचं काय लिवलंय?" काही नाही, म्हणालो. "मग?" तुम्ही म्हणालात, आणि कागद आढ्याच्या वाश्यात खोचून ठेवलात.

तेव्हापासून आपल्या घराचा कायदा ठरला. शिडं आहेत तोवर अण्णा आहे. दर खंडेनवमीला मागाची पूजा झाली की जहाजालाही हळदकुंकू लागायचं आणि तुम्ही शिडं बदलायचा. आईला सगळं कळलं होतं. शिडांसाठी कांड्या भरताना ती सूत डोळ्यांपाशी धरायची. पण तिनं एकदाही कांडी रिकामी दिली नाही. माझ्या जिभेला तोवर धार आली होती. मला पुष्कळ बोलता आलं असतं. बोललो नाही. गावात दुसरी तोंडं होती.

आई गेली, मग तुम्ही अंथरूण धरलंत. छातीत कफ, पण डोकं स्वच्छ. सुताचा भाव विचारायचा आणि मी सांगितला की मला खुळ्यात काढायचा. एका दुपारी फळीकडं बघत म्हणालात, "शिडं उतरव रं आता." उतरवतो, म्हणालो. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि पुन्हा जहाजाचा विषय काढला नाहीत. वातात बोलला असाल, अशी मी पुढं स्वतःची समजूत घातली. वातबीत काही नव्हता. तुम्ही अण्णाला सोडलंत, आणि धरून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. लोकांची अंगरख्याखालची लक्तरं मी बाजारात मांडतो, पण ही लाल काठाची फडकी इतकी वर्षं माझ्यानं उतरवेनात.

पैशाला तोटा नसता तर मी कसलं जहाज केलं असतं, ते सांगतो. तुम्हाला आवडणार नाही. साग नको, चंदन नको. काळं, लोखंडी, कुरूप. धुराडं खरं, त्यातून खरा धूर. एका बाजूनं दार उघडावं आणि पोटातलं सगळं दिसावं, कोळसा, बोचकी, दाटीनं निजलेली माणसं, आणि अण्णाच्या उशाशी पाण्याचा तांब्या. गवंडी, लोहार, सोनार, लागतील तेवढे कारागीर बसवीन, आणि शेवटी ते मुंबईच्या धक्क्यालाच बांधून ठेवीन. कधी कोळसा आला नाही म्हणून, कधी कप्तानाचं पोट बिघडलं म्हणून. तुमचं जहाज अण्णाला आणायला जाणार होतं, माझं निघणारच नाही. दोघांत खुळा कोण, हे ठरवायला आई पाहिजे होती.

हा कागद टपालात पडणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. याची गुंडाळी करून त्या दांड्याच्या टोकाला दोऱ्यानं बांधणार आहे, म्हणजे चौथी टोपी वाचेल. पण त्याआधी आज दुपारचं तेवढं लिहून टाकतो. मी शिडं उतरवली. मधलं सगळ्यांत मोठं अजून भक्कम निघालं, काठाची एक तार सुटलेली नाही. घरच्या बाईला भाकऱ्या थापायला लावल्या, झुणका आणि शेंगाची चटणी घेतली, त्या शिडात बांधली आणि काकतीला गेलो. टोपी फाटलेली, म्हणून तसाच.

तो माणूस दारात बसला होता. केस पांढरे, डोळ्यांनी कमी दिसतं. मी शहापूरचा म्हणून सांगितलं तरी त्याला ओळख पटेना. माझ्या डोक्याकडं बघत राहिला.

"बोडका आलाईस," म्हणाला. "कोण गेलं रं?"

आप्पा, याचं उत्तर आजवर आपल्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"अण्णा गेला, मामा," मी म्हणालो. "जहाजात."

मी गाठ सोडून भाकऱ्या त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं बोटांनी फडक्याचा काठ चाचपला, आणि ओळख पटून माझ्याकडं मान वळवली.

"शिडं समदी उतरवली?"

"समदी," मी म्हणालो. तेवढं खोटं बोललो. अगदी वरचं, दोन बोटांचं, राहू दिलंय.

"बस खाली," तो म्हणाला. मग आत वळून पाणी मागितलं, हात धुतले आणि जेवायला लागला. त्याचं संपेपर्यंत मी बसून राहिलो. फडकं तिथंच ठेवून आलो.